जोंगा हिरवी का नाही?



मागच्या महिन्यात तालुक्याला माजी सैनिकांचा मेळावा होता. मी जोंगा घेऊन गेलो आणि वडाखाली लावली. भाषणं सुरू व्हायच्या आधीच तिच्याभोवती दहा-बारा जण जमले. जोंगा म्हटलं की आमच्या पिढीचा फौजी थांबतोच. कुणी बॉनेटवर थाप मारली, कुणी खाली वाकून पुढचा डिफरन्शियल बघितला, एका ड्रायव्हर हवालदारानं स्टेअरिंगला हात लावून डोळे पुसले. इथवर सगळं छान होतं. मग एक जण म्हणाला, "साहेब, हे राखाडी काय करून ठेवलंत? जोंगेला ओजी पाहिजे, ओजी! वर बाणाचा नंबर, पुढं दोन स्टार, मागं फॉर्मेशन साइन. तुम्ही ईएमईचे असून असं?" दुसऱ्यानं री ओढली, "आपल्या इज्जतीचा सवाल आहे, सुभेदार साहेब."

मी चहा मागवला आणि विषय बदलला. मेळाव्यात भांडण नको म्हणून. पण तेव्हापासून या विषयावर तीन फोन आले आणि एकानं तर रंगाऱ्याचा नंबरही पाठवला. तेव्हा उत्तर देऊनच टाकतो, आणि सविस्तर देतो. नाराज होणाऱ्यांनी व्हावं.

आधी कायद्याचं बोलू, कारण ते थोडक्यात आटोपतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२१. संरक्षण विभागाच्या गाड्या सोडून दुसरी कुठलीही गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगवता येत नाही. लिलावात फौजेची गाडी विकली गेली की ती फौजेची राहत नाही. तिचा बाण गेला, नंबर गेला, रंग गेला. जो माणूस २८ वर्षं दुसऱ्यांना हुकूम पाळायला सांगत होता, तो निवृत्त झाल्यावर स्वतःच्या दारात नियम मोडून उभा करतो आणि त्याला इज्जत म्हणतो, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. दोन स्टार म्हणजे मेजर जनरल. लग्नाच्या वरातीत नवरदेव दोन स्टारच्या गाडीतून उतरतो तेव्हा तुम्हाला हसू येत नाही?

आणि ही नुसती हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. २ जानेवारी २०१६ ला पठाणकोटच्या हवाई तळावर जे घुसले, त्यांच्या अंगावर फौजेच्या कपड्यांसारखे कपडे होते आणि त्याआधी त्यांनी एका पोलीस अधीक्षकाची गाडी पळवली होती. मी त्या वेळी त्याच पट्ट्यात होतो. पुढचे कित्येक आठवडे नाक्यावरचा प्रत्येक संत्री प्रत्येक हिरव्या गाडीकडे दुसऱ्यांदा बघत होता. त्यानंतर लष्करानं लोकांना आवाहन केलं, फौजेच्या नमुन्याचे कपडे घालू नका, दुकानदारांनी विकू नका. कपड्यांचं जे, तेच गाडीचं. नाक्यावरच्या वीस वर्षांच्या पोराला अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं की समोरची गाडी आपली की परकी. तुमच्या हौसेसाठी त्याचा तो अर्धा सेकंद का खाता?

रंगाचा विषय माझ्या लेखी इथं संपला. पण खरं भांडण रंगाचं नाहीच. ही जोंगा उभी करायला मला आठ वर्षं लागली आणि त्यातली पहिली तीन मी तुमच्यासारखाच विचार करून वाया घालवली. वाया घालवली म्हणणंही सौम्य आहे. सांगतो.

नव्या वाचकांसाठी थोडं गाडीबद्दल. जोंगा हे नाव जबलपूरच्या आयुध आणि तोफगाडी कारखान्यांच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पडलं. मूळ गाडी जपानची, निसान पेट्रोल, साठच्या दशकातली. आपल्याकडे १९६९ पासून जवळपास तीस वर्षं जबलपूरला ती बनत राहिली. ३९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, शिडीसारखी चासी, चारही बाजूंना पाट्यांच्या स्प्रिंगा, चारही चाकांना ड्रम ब्रेक. तिच्यावर १०६ एमएमची रिकॉइललेस गन बसायची, सीओ साहेब बसायचे, आणि लंगरच्या भाज्याही बसायच्या. पुढं महिंद्राच्या जीपा आणि मारुतीची जिप्सी आली आणि जोंगा एक एक करून लिलावात गेल्या. २०१९ मध्ये महेंद्रसिंग धोनी रांचीत जोंगा चालवताना दिसला आणि मग ज्यांनी आयुष्यात जोंगेचं बॉनेट उघडलं नव्हतं त्यांनाही ती हवी झाली. धोनीचा त्यात काही दोष नाही.

मी १९९० ला भरती झालो. भोपाळच्या ईएमई सेंटरमधून वेहिकल मेकॅनिक होऊन बाहेर पडलो आणि पहिल्या पोस्टिंगवर पहिल्याच आठवड्यात जोंगेखाली आडवा झालो. आमचे उस्ताद गढवालचे होते. ते गाडीची परेड घ्यायचे तशी मी माणसांचीही कमी बघितली. सकाळी गाडी हलायच्या आधी फर्स्ट परेड, वाटेत थांबली की हॉल्ट परेड, परत आली की लास्ट परेड. तेल, पाणी, पट्टा, टायर, नटबोल्ट, गळती, आणि शेवटी ब्रेकचं पॅडल. पॅडल पायानं दाबून तीस सेकंद धरायचं. खाली सरकलं तर गाडी पार्कमधून हलत नाही, मग सीओ साहेब बाहेर उभे असले तरी. उस्ताद पुसलेलं बॉनेट बघायचेसुद्धा नाहीत. थेट चाकाच्या आतल्या बाजूला हात घालायचे, ड्रमच्या मागच्या प्लेटवरून बोट फिरवायचे आणि बोट तुमच्या नाकाखाली धरायचे. ओलं असलं की तुमची छुट्टी कटली.

२०१० साली मी भटिंड्याला होतो. तिथून मंडी डबवाली फार लांब नाही. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचं हे गाव उघड्या जीपा बनवण्यासाठी सगळीकडे माहीत आहे. रविवारी आउटपास काढून मी तिथल्या गल्ल्यांत नुसता हिंडायचो. तिथं एका मिस्त्रीनं सांगितलं की जवळच्या गावात एका जमीनदाराकडे जोंगा पडून आहे. जाऊन बघितली. १९८४ ची, नव्वदच्या दशकात लिलावात निघालेली, कागद बरोबर. पण पोटात कुठल्या तरी टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलेलं. त्याला मी नावं ठेवणार नाही. मूळ पेट्रोल इंजिन लिटरला चार-पाच किलोमीटर देतं आणि शेतकऱ्याच्या घरी ट्रॅक्टरसाठी डिझेलचं पिंप असतंच. त्यानं त्याच्या गरजेप्रमाणे केलं. मूळ इंजिन कुठं म्हणून विचारलं तर सरदारजींनी मला तूडीच्या कोठारात नेलं. गव्हाच्या भुशात कंबरभर बुडालेलं सहा सिलिंडरचं इंजिन. पुसून नंबर बघितला, आरसीशी जुळला. "लै जाओ फौजी साब, ए वी लै जाओ," म्हणाले. सव्वा लाखात गाडी आणि इंजिन दोन्ही. ट्रकमध्ये घालून गावी, वाईजवळ, पाठवली. आईनं विचारलं, "हे काय भंगार आणलंस?" तिचं अगदीच चुकलं नव्हतं.

पुढची तीन वर्षं म्हणजे वर्षाला ६० दिवस ॲन्युअल, ३० दिवस कॅज्युअल, त्यातले निम्मे प्रवासात आणि लग्नकार्यात. ब्लॉकचं बोअरिंग करून वाढीव मापाचे पिस्टन घातले. सिलिंडर हेडला चीर होती, दुसरं हेड जबलपूरच्या एका भंगारवाल्याकडे मिळालं. ते मी काळ्या ट्रंकेत, बिस्तऱ्याखाली, रेल्वेनं आणलं आणि टीसीनं ट्रंक हलवून बघितली तेव्हा "किताबें हैं" असं सांगितलं. पुढच्या स्प्रिंगच्या हँगरजवळ चासीला तडा होता, तो उघडून, टोकाला भोक पाडून, आतून पट्टी देऊन वेल्ड केला. ही कामं मी नीट केली. ईएमईचा माणूस इंजिन आणि चासी नीटच करणार.

घोळ झाला तो पुढं. २०१२ मध्ये माझी बदली बिन्नागुडीला झाली. उत्तर बंगाल, चहाचे मळे, आठ महिने पाऊस. गाडी गावाला, मी तिकडं. पुतण्या त्या वेळी सतरा वर्षांचा, गाडीवर जीव टाकणारा. तो मला फोटो पाठवायचा. काका, हा बंपर बघा. काका, ही लाइटची पट्टी. काका, पस्तीस इंची टायर. आणि मी पैसे पाठवत गेलो. मलाही आवडत होतं हो. बॅरकमध्ये फोटो दाखवायचो, पोरं वा वा करायची. त्यातल्या एकानंही, आणि मीही, हे विचारलं नाही की त्या पस्तीस इंची टायरला पुढच्या चाकाच्या आत जागा आहे का.

मे २०१३ ला सुट्टीवर आलो. पुतण्याला शेजारी बसवून पाचगणीला गेलो, उतरताना पसरणीचा घाट. ज्यांनी तो घाट बघितलाय त्यांना वळणं सांगायला नकोत. तिसऱ्या की चौथ्या वळणावर पूर्ण स्टेअरिंग कापलं, पुढून घासल्याचा आवाज आला, आणि पुढच्या उतारावर ब्रेकचं पॅडल थेट पत्र्याला टेकलं. पंप केलं, काही नाही. माझ्या गाडीला ब्रेकचं एकच सर्किट होतं. चार चाकांत कुठंही एक नळी फुटली की चारही चाकं गेली. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती म्हणून इंजिनानं थोडी धरली. जोंगेचा हँडब्रेक चाकांना नाही, मागच्या प्रॉपेलर शाफ्टला असतो. तो ओढला, जळका वास आला, वेग थोडा उतरला. नशीब, डोंगर डाव्या हाताला होता. गटारात चाक घालून गाडी दरडीला घासत नेली. थांबली. समोरून त्या वेळी एसटी येत नव्हती एवढंच. पुतण्याचा डावा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला.

खाली उतरून बघितलं तर डावीकडचा ब्रेकचा रबरी होज टायरनं घासून घासून कापलेला. रुंद टायर, पूर्ण वळण, प्रत्येक वेळी एक घास. आधीच्या टायरला तिथं बोटभर जागा असायची. होज तर गाडी फौजेतून निघाल्यापासून कुणी बदललेलाच नव्हता.

दवाखान्यात भावजय एकच वाक्य बोलली. "भावोजी, तुम्ही सैन्यात गाड्या दुरुस्त करता ना?"

घरी येऊन मी माझी वही काढली. फौजेत प्रत्येक गाडीची कार डायरी असते, तशी मी जोंगेची एक वही ठेवली होती. बंपर, बिलासकट. लाइट, बिलासकट. टायर, रंग, सीट, विंच, सगळं बिलासकट. ब्रेकच्या नावापुढं तीन वर्षांत दोन नोंदी. दोन्ही ठिकाणी "फ्लुइड टाकलं" एवढंच. बंद सर्किटमध्ये फ्लुइड कमी होतंच कसं, हा प्रश्न मी कुठल्याही रंगरूटला तोंडावर विचारला असता. वर्कशॉपमध्ये असतो तर स्वतःवर चार्जशीट लावली असती.

तेव्हा मंडळी, आता तुम्ही ज्याला कस्टमाइज म्हणता त्याबद्दल मी काय म्हणतो ते ऐका.

मोठा टायर घ्या. जोंगेचा मूळ टायर ७.५०-१६, व्यास साधारण ३२ इंच. तुम्ही ३५ घातला, म्हणजे सुमारे एक दशांश मोठा. तेवढ्याच वेगाला थांबवायला ड्रमला एक दशांश जास्त जोर लावायला हवा, आणि ड्रम तोच आहे. स्पीडोमीटर ५० दाखवतो तेव्हा तुम्ही ५५ वर आहात. ॲक्सल, किंगपिनचे बेअरिंग, स्टेअरिंगची जोडणी, सगळ्यांवर जड चाकाचा झटका. मग साठच्या वेगाला स्टेअरिंग थरथरायला लागतं आणि गॅरेजवाला एक डँपर विकून पाठवतो. थरथर तिथं नसते. किंगपिनच्या शिमा काढून बेअरिंगचा ताण मोजून बसवायला दोन दिवस लागतात आणि त्याचा फोटो चांगला येत नाही.

गाडी उंच करणं घ्या. स्प्रिंगखाली ठोकळे घालून चार इंच उचलली की प्रॉपेलर शाफ्टच्या जोडांचा कोन वाढतो आणि ते फुटतात. ब्रेकचे होज आखूड पडतात. स्टेअरिंगच्या दांड्या तिरक्या होतात, त्यामुळे खड्ड्यात चाक गेलं की गाडी आपोआप बाजूला वळते. उंच गाडी वळणावर लवकर कलंडते हे सांगायला मेकॅनिक लागत नाही.

बंपर घ्या. लोखंडी नळ्यांचा बंपर चासीला पक्का बसवला की धडक पत्र्यात मुरत नाही. ती सरळ चासीत जाते आणि समोर माणूस असेल तर त्याच्या मांडीत. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना असे क्रॅश गार्ड काढायला लावा म्हणून कळवलं. रस्त्यावर बघा किती निघाले ते. लाइटची पट्टी घ्या. बारा व्होल्टवर १८० वॉट म्हणजे १५ अँपिअर, आणि पोरं ती चाळीस वर्षांच्या हेडलाइटच्या वायरला जोडतात, फ्यूजशिवाय. समोरचा आंधळा होतो आणि तुमच्या डॅशबोर्डमागं वायर वितळते. आणि फोर व्हील लावून डांबरी रस्त्यावर व्हिडिओ काढणारे शूर! या गाडीला मधला डिफरन्शियल नाही. चिखलात चाक घसरून ताण सुटतो, डांबरावर सुटायला जागा नसते, मग ट्रान्सफर केसच्या गिअरवर पीळ चढतो. लिव्हर परत निघत नाही तेव्हा म्हणतात, जुनी गाडी हो, अडकते.

कुणी म्हणेल, सुभेदाराला हौसेचं वावडं आहे. तसं नाही. मीही बदल केलेत. घाटानंतरच्या पाच वर्षांत मी गाडी पुन्हा उघडली आणि ब्रेकपासून सुरुवात केली. सगळे स्टीलचे पाइप नवे, चारही होज नवे, व्हील सिलिंडर आतून स्लीव्ह मारून मापात आणले. ड्रम खरादीवर फिरवले, दोन ड्रम मर्यादेपलीकडे गेले होते ते फेकले. नवे लायनर ड्रमच्या गोलाईला घासून बसवले, हे काम आता फार थोडे लोक करतात. टायर परत ७.५०-१६. पाठीला आधार देणाऱ्या सीटा आणि चासीपर्यंत बोल्ट गेलेले सीटबेल्ट. चासी आणि खालचा भाग फिकट राखाडी, कारण काळ्यावर गळती आणि तडा दिसत नाही, राखाडीवर तेलाचा एक थेंब लांबूनही दिसतो. वरचा रंगही त्याच डब्यातला. बघा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेही आहे.

आणि सगळ्यात मोठा बदल, दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर. पुढची नळी फुटली तरी मागची चाकं धरतील. हे मूळ गाडीत नव्हतं. पैसे खर्चायच्या आधी मी परिवहन कार्यालयात विचारायला गेलो, कारण कलम ५२ मला माहीत होतं. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं, दोन फॉर्म उलटेपालटे केले आणि म्हणाले, "यासाठी कॉलम नाही." मग जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी केलेली गाडी नोंदवता येणार नाही. निकालामागचा हेतू मला पटतो. वर जे लिहिलं ते सगळं त्यानं थांबणार असेल तर मी ताटभर पेढे वाटीन. पण रस्त्यावर काय होतं? पस्तीस इंची टायरवाला पाचशे देऊन सुटतो आणि दुसरं सर्किट बसवणारा विचारायला गेला तर त्याला कॉलम नसतो. माझा तो बदल गुन्हा की सुधारणा, हे मला आजतागायत कुणी लेखी दिलेलं नाही. मी तो काढलेला नाही आणि काढणारही नाही. कुणी विचारलं तर हा लेख दाखवीन.

फिटनेसचं तसंच. पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण एप्रिल २०२२ मध्ये सहाशेचं पाच हजार झालं. कुरकुर करणार नाही, जुनी गाडी ठेवायची तर मोजावेत. माझी तक्रार वेगळी आहे. गेल्या वेळी तपासणीला मी मुद्दाम चारही चाकं धुऊन नेली होती, वाटलं साहेब खाली वाकतील, दुहेरी नळ्या बघतील, दोन शब्द होतील, कदाचित वादही होईल. त्यांनी हॉर्न वाजवून घेतला, मागचे रिफ्लेक्टर बघितले, चासी नंबर घासून घेतला आणि शिक्का मारला. सात मिनिटं. घाटातल्या त्या दिवसाच्या आदल्या दिवशी जरी मी गाडी नेली असती तरी पास झाली असती. दहा हजार घ्या, पण खाली वाका की राव! आमच्या उस्तादांनी पगारात जे केलं ते एवढ्या फीमध्ये होऊ नये?

दुसऱ्या टोकाचेही लोक आहेत, त्यांचाही फोन येतो. जुनं ते सगळं भंगारात घाला म्हणणारे. २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, माझी १९८४ ची, ती त्यात बसत नाही. म्हणजे ती जुनीही नाही आणि नवीही नाही. ती महिन्यातून दोनदा वाईच्या बाजाराला जाते आणि पावसाळ्यात एखाद्याचा रुतलेला ट्रॅक्टर ओढते. धूर मोजून घेते, पास होते. तिला भंगारात घालायचं असेल तर तिच्या अवस्थेवरून घाला. नुसत्या जन्मतारखेवरून घालायचं झालं तर मेळाव्यात त्या दिवशी किती जण उरले असते बघा.

तर त्या हवालदार मित्राला माझं सांगणं. तुम्ही १०६ ची जोंगा राजस्थानात चालवलीत, तुमच्या हाताखाली एकही गाडी रोडवर बंद पडली नाही, हे तुम्हीच सांगितलंत. ती का पडली नाही? ओजी रंगामुळं? तुम्ही पहाटे चारला, हातमोजे नसताना, थंडीत चाकामागं बोट फिरवत होता म्हणून. मेळाव्यात तुम्ही गाडीभोवती तीन चकरा मारल्या. बॉनेट, बंपर, नंबरप्लेट, सगळं बघितलंत. मी वाट बघत होतो की तुम्ही एकदा तरी चाकामागं हात घालाल. नाही घातलात. बारा जणांत एकानंही नाही. मला रंगापेक्षा त्याचं वाईट वाटलं.

पुतण्याचा हात जुळला, पण पूर्ण सरळ होत नाही. तो आयटीआयला गेला, आता वाईत एका गॅरेजमध्ये आहे. सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे येतो. ब्रेकमधली हवा काढताना पॅडलवर मी आणि खाली तो. "दाबा काका", "धरा काका", "सोडा". त्या दिवसाबद्दल आम्ही बोलत नाही. वहीत आता नोंदी तो करतो.

सध्या जोंगा घोडीवर आहे. गेल्या रविवारी मागच्या उजव्या ड्रममागं बोट ओलं लागलं. सिलिंडरचं कीट डबवालीहून यायचंय, कुरिअरवाला मंगळवार म्हणतो. ज्या दोघांनी २६ जानेवारीच्या मिरवणुकीसाठी आणि ज्या एकानं भाच्याच्या वरातीसाठी गाडी मागितली होती त्यांनी दुसरी सोय बघावी.